तुम्ही विचारलंत म्हणून: राजा भला असेल, पण राजगादीचं काय?

ब्रिटनच्या राजसत्तेवर लिहिणाऱ्याला मराठी वाचक हमखास एक प्रश्न विचारतात. शब्द बदलतात, आशय तोच असतो: "तिसरा चार्ल्स माणूस म्हणून भला वाटतो. शेती, झाडं, पर्यावरण यांवर आयुष्यभर बोलत आलाय. मग गुलामांच्या व्यापाराबद्दल तो सरळ माफी का मागत नाही? आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या पापाबद्दल आजच्या माणसाला धरणं बरोबर आहे का?"

यातला पहिला भाग स्वभावाचा आहे आणि दुसरा जबाबदारीचा. ब्रिटिश वर्तमानपत्रांतही हे दोन्ही एकाच वाक्यात येतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. राजा प्रेमळ असल्याने गादीचा हिशेब मिटत नाही, आणि तो तुसडा असता म्हणून हिशेब वाढलाही नसता.

आधी जनमताबद्दल. "ब्रिटिश जनता राजाच्या बाजूने आहे" असा मथळा वाचलात की चाचणीत नेमका कोणता प्रश्न विचारला होता ते पाहा. "या व्यक्तीबद्दल तुमचं मत चांगलं आहे का?" हा एक प्रश्न. "राजा काम नीट करतोय का?" हा दुसरा. "राजेशाही ठेवावी की निवडलेला राष्ट्रप्रमुख असावा?" हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगळी येतात, कारण अनेकांना राजा आवडतो आणि राजेशाही नको असते. उलट राजेशाही हवी पण हा राजा विशेष आवडत नाही, असेही असतात.

एप्रिल २०२३ मध्ये, राज्याभिषेकाच्या तोंडावर, यूगव्ह या संस्थेने बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमासाठी ४,५९२ प्रौढांना विचारलं. राजेशाही ठेवावी म्हणणारे ५८ टक्के, निवडलेला राष्ट्रप्रमुख हवा म्हणणारे २६ टक्के. पण ६५ वर्षांवरच्यांत राजेशाहीला ७८ टक्के पाठिंबा आणि १८ ते २४ वयोगटात जेमतेम ३२ टक्के. तिथे निवडलेल्या राष्ट्रप्रमुखाच्या बाजूने ३८ टक्के. नेहमीच्या हजार जणांच्या चाचणीत या तरुण गटातले शंभरएक लोक येतात आणि तेवढ्या नमुन्यात आकडा दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. इथे नमुना मोठा होता, तरी चार-पाच टक्क्यांची फट धरावीच लागते. त्यामुळे ३२ विरुद्ध ३८ वरून "तरुणांनी राजेशाही नाकारली" असं छापणं घाईचं आहे. वय जितकं कमी तितका पाठिंबा कमी, हे मात्र एका चाचणीपुरतं नाही. ते वर्षानुवर्षं दिसतंय.

याहून मोठी उणीव अशी की या चाचण्या ब्रिटनमधल्या लोकांच्या असतात. जमैका, बार्बाडोस, घाना, केनिया, भारत इथल्या कुणाला त्यात विचारलेलं नसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजाला कर्करोग झाल्याचं जाहीर झालं आणि लोकांना मनापासून वाईट वाटलं. अशी सहानुभूती माणसाला मिळते, आणि मिळावीच. पण तिचा १६७२ च्या सनदेशी काय संबंध?

ती सनद दुसऱ्या चार्ल्सची. त्याने १६७२ मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाराची मक्तेदारी दिली. कंपनीचा गव्हर्नर होता त्याचा सख्खा भाऊ जेम्स, म्हणजे पुढे गादीवर आलेला दुसरा जेम्स. या कंपनीच्या जहाजांत कोंबून १७३१ पर्यंत सुमारे १ लाख ८७ हजार माणसं नेली गेली. त्यातली ३८ हजारांहून अधिक वाटेतच मेली. याला राजसत्तेची नुसती मूक संमती होती असं म्हणून भागत नाही. सनद आणि नाव राजघराण्याचं होतं, आणि भांडवलातही त्याचा वाटा होता.

सुरुवात त्याही आधीची. १५६४ मध्ये जॉन हॉकिन्सच्या गुलाम पकडायच्या सफरीसाठी पहिल्या एलिझाबेथने आपलं जहाज दिलं होतं. १६८९ मध्ये कंपनीचा उपगव्हर्नर एडवर्ड कोल्स्टन याने तिसऱ्या विल्यमच्या नावे एक हजार पौंडांचे शेअर केले. २०२० मध्ये ब्रिस्टलच्या लोकांनी ज्याचा पुतळा पाडून बंदरात ढकलला, तोच हा कोल्स्टन. १७१३ मध्ये ॲन राणीच्या काळात स्पेनच्या वसाहतींना वर्षाला ४,८०० गुलाम पुरवण्याचा तीस वर्षांचा ठेका ब्रिटनने मिळवला. आणि १७९९ मध्ये क्लॅरेन्सचा ड्यूक, म्हणजे पुढचा चौथा विल्यम राजा, लॉर्ड्सच्या सभागृहात गुलामांच्या व्यापाराच्या बाजूने उभा राहून बोलला. गुलामी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्यावर राजा म्हणून संमती याच विल्यमची आहे. त्या कायद्यान्वये दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, सुटलेल्या माणसांना छदामही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे रोखे ब्रिटनने २०१५ मध्ये फेडले. "तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट" म्हणताना हे साल लक्षात असू द्या.

आता, आजच्या माणसाला धरावं का? रक्ताच्या नात्याने पाहिलं तर उत्तर चक्क उलटं येतं. तिसरा चार्ल्स हा दुसऱ्या चार्ल्सचा किंवा दुसऱ्या जेम्सचा वंशज नाही. जेम्सला १६८८ मध्ये हाकललं गेलं आणि पुढे गादी हॅनोव्हरच्या शाखेकडे गेली. युवराज विल्यम मात्र त्या दोघांचाही वंशज आहे, तोही आई डायानाकडून, त्यांच्या अनौरस संततीतून. म्हणजे रक्त मोजायचं तर मुलगा दोषी आणि बाप निर्दोष! हा हिशेब कुणीच मांडू नये. जबाबदारी येते ती गादीच्या सातत्यातून. ब्रिटिश कायद्यात राजा मरतो, गादी मरत नाही. एकाच्या शेवटच्या श्वासाबरोबर दुसरा राजा झालेला असतो. राजवाडे, संग्रह, जहागिरी, मान याच सातत्याने मिळतात. जमीन वारसाहक्काने घेतली की सातबाऱ्यावरचा बोजाही नावावर येतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

मग माफी का नाही? चार्ल्स याबद्दल बोललेलाच नाही असं समजू नका. २०१८ मध्ये घानात, २०२१ मध्ये बार्बाडोस प्रजासत्ताक झालं त्या रात्री तिथे, २०२२ मध्ये किगालीच्या राष्ट्रकुल परिषदेत, २०२३ मध्ये केनियात तो बोलला. दर वेळी भाषा थोडी पुढे सरकली. घानात आणि बार्बाडोसमध्ये गुलामगिरी हा इतिहासावरचा डाग आहे असं म्हणाला, किगालीत स्वतःचं दुःख व्यक्त केलं आणि केनियात तिथल्या स्वातंत्र्यलढ्याच्या काळात ब्रिटिशांनी केलेल्या हिंसेला कसलंच निमित्त असू शकत नाही इथवर आला. चूक कबूल करून क्षमा मागणं तेवढं राहिलं.

कारण त्याच्या स्वभावात शोधू नका. परदेश दौऱ्यावर राजा सरकारच्या वतीने जातो आणि तिथली महत्त्वाची भाषणं मंत्र्यांच्या सल्ल्यानेच होतात. माफी मागितली की भरपाईचा दावा मागोमाग येईल, ही लंडनमधल्या प्रत्येक सरकारची धास्ती आहे, मग पक्ष कुठलाही असो. ऋषी सुनक यांनी एप्रिल २०२३ मध्ये संसदेत माफीला नकार दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआतल्या राष्ट्रकुल परिषदेत कीर स्टार्मर यांनीही तीच भूमिका घेतली. पंतप्रधान नको म्हणत असताना राजाने माफी मागितली तर तो घटनात्मक पेच ठरेल. निवडून न आलेल्या माणसाने निवडून आलेल्या सरकारला बाजूला सारावं, असं मला तरी वाटत नाही.

सरकार तयार असलं तर काय होतं, याचे दाखले आहेत. नोव्हेंबर १९९५ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथने वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडच्या एका कायद्यावर स्वतः सही केली. वायकाटो भागातल्या मूळनिवासी माओरींवर केलेलं आक्रमण आणि जप्त केलेल्या जमिनी यांबद्दल राजसत्तेची माफी त्या कायद्यातच लिहिलेली आहे. सोबत १७ कोटी न्यूझीलंड डॉलरची तडजोड होती. सल्ला तिथल्या मंत्र्यांचा, सही राणीची. नेदरलँड्समध्येही क्रम तसाच: डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान रूटे यांनी माफी मागितली आणि १ जुलै २०२३ ला ॲम्स्टरडॅममध्ये राजा विल्यम-अलेक्झांडरने. राजा एक पाऊल पुढे गेला. आपल्या पूर्वजांनी या अत्याचाराविरुद्ध काही केलं नाही, त्याबद्दल त्याने क्षमा मागितली. बेल्जियमचं उदाहरण उलट्या बाजूचं. काँगो ही दुसऱ्या लिओपोल्डची १८८५ ते १९०८ खासगी मालमत्ता होती, म्हणजे राजाची जबाबदारी इतकी थेट दुसरीकडे क्वचितच सापडेल. तरीही राजा फिलिप २०२० मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये खेदापाशीच थांबला, आणि संसदेच्या समितीचंही माफीवर एकमत झालं नाही.

आपल्या वाट्याचं उदाहरण अमृतसरचं. ऑक्टोबर १९९७ मध्ये राणी जालियनवाला बागेत गेली, पादत्राणं काढली, पुष्पचक्र वाहिलं. आदल्या दिवशी दिल्लीच्या भाषणात तिने या घटनेला क्लेशदायक म्हटलं, पण इतिहास पुन्हा लिहिता येत नाही असंही सांगितलं. राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी बागेत दोन हजार मृतांचा फलक वाचून हा आकडा फुगवलेला असल्याचा शेरा मारला. कारण काय, तर डायरचा मुलगा नौदलात त्यांच्याबरोबर होता आणि त्याने तसं सांगितलं होतं. ब्रिटिश सरकारचा अधिकृत आकडा ३७९ आहे, भारतीय अंदाज त्याच्या कितीतरी पुढे जातात, आणि यावर इतिहासकार जरूर वाद घालू शकतात. पण स्मारकापुढे उभं राहून मारेकऱ्याच्या मुलाचा हवाला देणं दुखावणारंच होतं. फिलिप यांचा फटकळपणा ब्रिटनमध्ये अनेकांना लोभस वाटायचा. त्याची किंमत ज्यांना मोजावी लागली, त्यांचं मत तिथल्या चाचणीत कुठून येणार?

"भारतात तर कंपनीचं राज्य होतं, राजाचा काय संबंध?" असंही विचारलं जातं. मुंबई दुसऱ्या चार्ल्सला १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालकडून मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड (सोन्याच्या नाण्यांत) भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. चारच वर्षांनी आफ्रिकन कंपनीला सनद देणारा हा तोच राजा. पुढे १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने कंपनीने संस्थानिकांशी केलेले सगळे तह आपल्याला मान्य असल्याचं लिहून दिलं. कंपनीने मिळवलेलं ते घेतलं, मग कंपनीने केलेलं ते आपलं नव्हे, असं गादीला म्हणता येत नाही.

तर मग राजाला कुठल्या मापाने मोजायचं? मी एकच माप वापरतो: जे करायला मंत्र्यांची परवानगी लागत नाही, तिथे तो काय करतो.

पहिली गोष्ट दप्तरखान्याची. विंडसरचं राजघराण्याचं दप्तर ब्रिटनच्या सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्याखाली येत नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदाही तिथे लागू नाही. कोणाला कोणता कागद दाखवायचा हे राजघराणंच ठरवतं. कोल्स्टनच्या शेअरचा कागद एप्रिल २०२३ मध्ये छापून आल्यावर राजवाड्याने मँचेस्टर विद्यापीठातल्या एका पीएचडी संशोधनाला पाठिंबा आणि दप्तर खुलं करण्याचं आश्वासन दिलं. चांगलं पाऊल आहे. पण एका संशोधकाला दार उघडणं आणि सूची छापून सर्वांना प्रवेश देणं यांत फार अंतर आहे. डच राजाने आपल्या घराण्याच्या वसाहतींतल्या भूमिकेवर स्वतंत्र इतिहासकारांची समिती २०२२ मध्येच नेमली. चार्ल्सला कोण अडवतंय?

दुसरी पैशाची. क्राउन इस्टेट, म्हणजे राजगादीच्या नावावरच्या जमिनी आणि इमारती, राजाच्या खिशातली नाही. तिचं उत्पन्न १७६० पासून सरकारी तिजोरीत जातं. पण लँकेस्टरच्या जहागिरीचं उत्पन्न, वर्षाला अडीच कोटी पौंडांच्या आसपास, राजाला खासगी म्हणून मिळतं. त्यातून कॅरिबियनमधल्या शाळांना किंवा दप्तरांच्या जतनाला मदत द्यायला संसदेत ठराव लागत नाही.

तिसरी संग्रहातल्या वस्तूंची, आणि ती मराठी माणसाला लगेच कळेल. शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाणारी तलवार १८७५ मध्ये भारतात आलेल्या युवराजाला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजींनी भेट दिली. आज ती राजसंग्रहात आहे. कागदावर ती लूट नाही, भेट आहे. पण देणारे छत्रपती तेव्हा अल्पवयीन होते आणि कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. ही तलवार नेमकी कोणती, यावर जाणकारांत मतभेद आहेत. म्हणून "परत द्या" या घोषणेआधी त्या भेटीचा पत्रव्यवहार आणि संग्रहातल्या नोंदी छापा, ही मागणी करायला हवी. ती नाकारायला राजवाड्याकडे सबब उरत नाही.

जमैकाने अशीच नेमकी वाट धरली आहे. १८३३ च्याच एका कायद्यानुसार राजा कोणताही प्रश्न प्रिव्ही कौन्सिल या आपल्या सल्लागार मंडळाच्या न्यायिक समितीकडे, म्हणजे न्यायाधीशांकडे, मत मागायला पाठवू शकतो. जून २०२५ मध्ये जमैका सरकारने जाहीर केलं, की आम्ही त्या कलमाखाली राजाकडे अर्ज करणार: आफ्रिकनांना जमैकात आणणं तेव्हा कायदेशीर होतं का, तो मानवतेविरुद्धचा गुन्हा होता का, आणि ब्रिटनवर भरपाईचं बंधन आहे का? चार्ल्स आजही जमैकाचा राजा आहे. अर्ज त्याच्याच एका सरकारचा, त्याच्याच दुसऱ्या सरकारविरुद्ध. तो न्यायाधीशांपुढे पाठवायचा की नाही, याबाबत लंडनचे मंत्री त्याला काय सल्ला देतात आणि तो सल्ला जाहीर होतो का, हे पाहायला हवं.