पिनहोल आणि दुसऱ्याची भट्टी

बडोद्यात कुंभारकामासाठी चाक, माती आणि शिकवणारी माणसे मिळणे अवघड नाही. १९५० साली सुरू झालेल्या ललित कला विद्याशाखेमुळे शहराला या कामाची जुनी ओळख आहे, आणि फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चिनी माती हा कच्चा माल गुजरातेत सहज मिळतो. सगळे अडते ते भाजणीपाशी. घरी भट्टी नसलेल्या माझ्यासारख्या नवशिक्या व्यक्तीला भांडी सामायिक भट्टीत द्यावी लागतात, शेल्फप्रमाणे पैसे मोजावे लागतात आणि भट्टी भरेपर्यंत निमूटपणे वाट पाहावी लागते. ज्या राज्यातील मोरबीत देशातल्या बहुतेक फरशा भाजल्या जातात, तिथे चार वाट्या नीट भाजून मिळू नयेत, याचा राग मला अजूनही आहे.

माझ्या तांबूस स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायच्या) मातीच्या वाट्यांवर पांढऱ्या ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपामध्ये, प्रत्येक वेळी टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे, म्हणजे पिनहोल, येत. भट्टीचालकाचे उत्तर ठरलेले असे: "बेन, ग्लेझमध्येच दोष आहे." ओळखीच्या लोकांपैकी कोणी ग्लेझ पातळ लावा म्हणे, कोणी जाड. मी ग्लेझ ८० मेशच्या चाळणीतून पुन्हा गाळले आणि त्याची विशिष्ट घनता १.४५ वर आणली, तरी छिद्रे जशीच्या तशी राहिली.

आंबोळीवर बुडबुडे फुटून जाळी पडते, तसेच हे घडते. मातीतील सेंद्रिय द्रव्ये आणि कार्बन पहिल्या भाजणीत, म्हणजे बिस्कमध्ये, पूर्ण जळले नाहीत, तर त्यांचा वायू दुसऱ्या भाजणीत वितळलेल्या ग्लेझमधून वर येतो. बुडबुडा फुटल्यावर ते छिद्र बुजण्याइतका वेळ किंवा उष्णता ग्लेझला मिळाली नाही, तर ते तसेच गोठते. त्यामुळे प्रश्न दोन होते: बिस्क किती सावकाश झाले, आणि ग्लेझची भाजणी खरोखर पूर्ण झाली का. दोन्हींची उत्तरे भट्टीवाल्यांकडे होती आणि ती ते देत नव्हते. भाजणीची नोंद मागितली, तर "कंट्रोलर १२२२ अंश दाखवतो, अजून काय पाहिजे?" एवढेच ऐकायला मिळे.

शेवटी मीच पुरावा गोळा करायचे ठरवले. एकाच मातीच्या चकत्यांपैकी अर्ध्या त्यांच्याकडे आणि अर्ध्या दुसरीकडे १०६० अंशांपर्यंत सावकाश बिस्क करून घेतल्या आणि सगळ्यांवर एकाच बादलीतील ग्लेझ लावले. दुसऱ्या भाजणीत माझ्या वाट्यांमागे पाच, सहा आणि सात क्रमांकाचे पायरोमेट्रिक कोन ठेवले: ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारे छोटे सुळके, यांत क्रमांक जितका मोठा तितकी उष्णता जास्त लागते. भट्टी उघडली तेव्हा पाच वाकला होता, सहा जेमतेम कलला होता आणि सात ताठ उभा होता. सहा क्रमांकाचा कोन १२२२ अंशांना वाकतो, हे शेवटच्या टप्प्यात तापमान तासाला सुमारे ६० अंशांनी वाढवले तरच खरे असते. घाईने चढवल्यास आकडा तोच दिसतो, पण मातीला आणि ग्लेझला तेवढी उष्णता पोचत नाही. सावकाश बिस्क केलेल्या चकत्यांवर छिद्रे तुरळक होती, त्यांच्या बिस्कवर भरपूर. ग्लेझ निर्दोष सुटले, याचा मला झालेला आनंद मी लपवला नाही.

त्यानंतरही ते वेळापत्रक बदलायला तयार नव्हते. वीज जास्त लागते, हे कारण. मग आम्ही काही शिकाऊ मंडळींनी मिळून संपूर्ण भट्टीच आरक्षित केली. बिस्कमध्ये ७०० ते ९०० अंशांचा टप्पा हवा खेळती ठेवून रेंगाळत नेला, आणि ग्लेझच्या भाजणीत वरच्या तापमानाला २० मिनिटे थांबलो. वाट्या गुळगुळीत निघाल्या. इतके दिवस ग्लेझच्या पाककृतीत फेरफार करा असे सांगणाऱ्यांना मी त्या वाट्या मुद्दाम दाखवल्या.

बिस्क १०६० पर्यंत नेले, की भांडे पाणी कमी शोषते, म्हणून ग्लेझ थोडे दाट ठेवावे किंवा बुडवण्याचा वेळ वाढवावा, हे मागे सांगायला हवे होते. वर थांबल्याने ग्लेझ जास्त वाहते, तेव्हा तळाकडची तीन-चार मिलिमीटर पट्टी कोरी सोडावी. छिद्रांच्या कडा धारदार आणि फोडासारख्या असतील, तर मात्र भाजणी जास्त झाल्याची शक्यता असते आणि आणखी उष्णता देणे घातक ठरते.

ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडत असेल, तर तो वेगळा विकार आहे: धूळ, हाताचा तेलकटपणा किंवा फार जाड थर. ओल्या स्पंजने पुसून भांडे पूर्ण वाळू द्यावे. पावसाळ्यात त्याला जास्त वेळ लागतो. ग्लेझवरचे बारीक तडे भाजणी लांबवून जात नाहीत. त्यासाठी ग्लेझमधले क्वार्ट्झ वाढवून सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण कमी करावे लागते, आणि असे तडे काही आठवड्यांनीही उमटू शकतात, म्हणून जेवणाची भांडी लगेच कोणाला देऊ नयेत.

त्या भट्टीच्या दरपत्रकात आता "कोन ठेवण्याचे वेगळे शुल्क" अशी ओळ आली आहे. ते शुल्क मी दर वेळी भरते आणि पावती मागून घेते.