किल्ली कुणाकडे असते?

११ सप्टेंबर, रात्री

सायप्रसमधल्या लार्नाकाच्या विमानतळावर ती ट्रॉली ढकलत बाहेर आली आणि मिठी मारायच्या आधी म्हणाली, "मेतकूट वरच्या पिशवीत आहे, उपडं करू नकोस." कराडच्या शाळेतली, एका बाकावरची मैत्रीण. सहा वर्षांत माझ्याकडे आलेलं माहेरचं पहिलं माणूस.

गाडीत बसताना ती सवयीनं डावीकडच्या दाराकडे गेली, आणि ते बरोबरच होतं. इंग्रज इथे १८७८ पासून १९६० पर्यंत होते. रस्त्याची डावी बाजू तेव्हापासूनची. गावाकडे वळण्याआधी मी मुद्दाम शहरातून गेले, तिला जनरल थिमय्यांच्या नावाचा रस्ता दाखवायला. आपले हे लष्करप्रमुख निवृत्तीनंतर, १९६४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून सायप्रसला आले आणि डिसेंबर १९६५ मध्ये इथेच, कामावर असताना गेले. ग्रीक पाटीवर ते 'तिमाया' होतात. पहिल्या वर्षी त्या रस्त्यावरून जाताना मला धीर यायचा. का ते सांगता येत नाही.

जेवताना तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. माझ्या आईचं अक्षर. दूध कुठून आणते? जावई फिरतीवर असले की रात्री एकटीच असते का? दुखलंखुपलं तर कोण येतं? घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते?

"काकू म्हणाल्या, तिला विचारू नकोस. ती सगळं छानच सांगणार. तू बघून ये."

मी पाफोसची मोझेक, त्रोओदोसच्या डोंगरातली जुन्या चित्रांची चर्च, असा चार दिवसांचा बेत आखला होता. तो तिथेच राहिला.

१२ सप्टेंबर

सकाळी आठला टरबुजांचा पिकअप आला. भोंग्यावरून 'पातीशे, पातीशे' ऐकून ती अंथरुणातूनच म्हणाली, "भाजीवाला?" खाली उतरलो तर अर्धी आळी गाडीभोवती. गाडीवाल्यानं टरबुजाला टिचकी मारून आवाज ऐकवला, एक बाजूला ठेवलं, दुसरं दिलं. त्याच्या फोडी आणि हलूमीचे तुकडे, हा इथला उन्हाळ्यातला नाश्ता. खारट चीज आणि गोड फळ एकत्र म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं, मग अर्धं ताट संपवलं. दूध कोपऱ्यावरच्या दुकानातून येतं, तेही दाखवलं.

मग आळीतून चालत निघालो. पानो लेफ्कारा म्हणजे वरचं लेफ्कारा: चुनखडीच्या दगडाची घरं, निळी-हिरवी लाकडी दारं, दोन माणसं शेजारी चालली की भरणाऱ्या गल्ल्या. शंभर पावलांत चार ठिकाणी 'कोपियास्ते' ऐकू आलं. 'या, बसा आमच्याबरोबर' असा त्याचा अर्थ. जेवणारा माणूस रस्त्यानं जाणाऱ्याला ताटावरूनच हे म्हणतो. नाही म्हटलं तरी चालतं. पण उत्तर न देता पुढे जाणं वाईट दिसतं, हे मला इथे आल्यावर दोन महिन्यांनी कळलं.

शेजारच्या आजींना सगळी आळी याया म्हणते, म्हणजे आजीच. त्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर उशी, उशीवर लिननचं कापड. लेफ्काराचं भरतकाम आता जगाला माहीत आहे, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेलं. कापडातले धागे मोजून उपसायचे, उरलेल्या धाग्यांना सुईनं वेढे घालत जाळी उभी करायची. नागमोडी नक्षीला 'पोतामोस' म्हणतात, नदी. १४८१ मध्ये लिओनार्दो दा विंची इथून एक कापड मिलानच्या कॅथेड्रलसाठी घेऊन गेला, असं गावात प्रत्येक जण सांगतो. दंतकथाच, पण सांगताना आवाज बदलतो. मैत्रिणीनं काही न बोलता मेजपोश उलटा केला आणि मागची बाजू निरखली. याया एकदम खूश. मागूनही गाठ दिसत नाही, हे पाहुणे पाहतच नाहीत. आईकडून कशिदा शिकलेल्या मुलीलाच मागची बाजू बघायचं सुचतं.

तिनं मला दुभाषी केलं आणि आईच्या कागदावरचा प्रश्न सरळ यायांना विचारला: हिचा नवरा महिन्यातले दहा दिवस घरी नसतो, हिला भीती नाही का वाटत? माझा नवरा लिमासोलला जहाजांच्या कंपनीत आहे; कधी रॉटरडॅम, कधी सिंगापूर. प्रश्न ग्रीकमध्ये करताना माझी जीभ अडखळली. सहा वर्षांत मी तो यायांना कधी विचारला नव्हता, स्वतःलाही नाही.

यायांनी सुई कापडात खोचून ठेवली. म्हणाल्या, माझे वडील, माझे आजोबा, सगळे हेच काम पेटीत भरून युरोपभर विकत फिरायचे. महिनोन् महिने. गावात मागे राहायच्या त्या बायका. आमच्या आईनं कधी दाराला कडी लावली नाही, कारण पलीकडचीनं हाक मारली तर ऐकू यायला हवी.

मी भाषांतर केलं. मैत्रीण गप्प. मीही. ह्या व्यापाऱ्यांविषयी मी संग्रहालयात वाचलं होतं, पण मागे राहिलेल्या बायकांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. म्हणजे मी ज्या आळीत एकटी राहते म्हणून आईला झोप लागत नाही, ती आळी अशा एकट्या बायकांनीच धरून ठेवलेली होती.

दुपारी दोन ते चार गाव मिटून घेतं. खिडक्यांच्या झडपा बंद, मांजरंसुद्धा पायऱ्यांखाली. संध्याकाळी काफेनियोत, म्हणजे गावच्या कॉफीच्या दुकानात, गेलो. चार म्हातारे, तावलीच्या पटावर सोंगट्यांची आदळआपट. कॉफी सांगताना साखर आधीच सांगायची: स्केतो बिनसाखरेची, मेत्रियो बेताची, ग्लिको गोड. ती ढवळायची नाही, गाळ तळाशी बसू द्यायचा. पैसे द्यायला तिनं पाकीट उघडलं तर मालकानं मान हलवली: दिले गेलेत. कुणी दिले? कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं सोंगटीवरून नजर न उचलता हात वर केला.

रात्री यायांकडून मातीच्या भांड्यातला तावास आला, लेफ्काराच्या पद्धतीचा: मटण, तांदूळ, कांदा, टोमॅटो, आणि जिरं. झाकण काढताच जिऱ्याचा वास घरभर झाला. जिऱ्याला इथे 'आर्तिस्या' म्हणतात. ती दोनदा वाढून घेताना म्हणाली, "हे आपलंच आहे की."

१३ सप्टेंबर

सकाळी माझ्या ऑनलाइन शिकवण्या होत्या. ती एकटीच गाव हिंडून आली. बंद मशीद पाहिली, तिच्याविषयी विचारत होती. इथे ग्रीक आणि तुर्की बोलणारे शेजारी होते. १९७४ मध्ये बेट दुभंगलं आणि तुर्की बोलणारे उत्तरेला गेले. याया त्यांची नावं अजून घेतात. ह्यावर मी फार लिहीत नाही, ते दुःख माझं नाही.

यायांच्या गच्चीवर त्राखाना वाळत होता. आंबवलेलं दूध आणि भरडलेला गहू शिजवून घालायचे हे लांबोडे तुकडे. आपल्या वाळवणासारखेच उन्हाच्या भरवशावर. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, की ह्याच त्राखानानं मला बरं केलं होतं.

मग सांगावंच लागलं. पहिला हिवाळा. नवरा जहाजावर, मला ताप, उठवत नव्हतं. त्या सकाळी मी खिडकीची झडप उघडली नाही. नऊ वाजता दार वाजलं. याया दारात, कारण झडप बंद. तेव्हा मला ग्रीकचे वीस शब्दही येत नव्हते. त्यांनी कपाळाला हात लावला, गेल्या, आणि त्राखानाचं आंबट कढण घेऊन आल्या, आत हलूमीचे तुकडे. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी त्या जाताना मीच दुसरी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांच्या दारामागच्या खिळ्याला ती अजून आहे, लाल दोऱ्यात.

"काकूंना हे का नाही सांगितलंस?"

"ताप आला होता हे कळलं असतं म्हणून."

ती माझ्यावर चिडली. बरोबर चिडली. मी सहा वर्षं आईपासून काळजी लपवली आणि तिच्याबरोबर दिलासाही लपवला.

१४ सप्टेंबर

आज पवित्र क्रुसाचा सण, आणि गावातलं मोठं चर्च त्याच नावाचं. पहाटेच घंटा. पाद्रीबाबांनी प्रत्येकाच्या हातात तुळशीची डहाळी दिली. ही आपली कृष्णतुळस नाही, तिची गोड वासाची बहीण. संत हेलेनाला, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईला, येशूचा क्रूस सापडला तो हिच्या सुगंधामुळे, अशी श्रद्धा आहे. प्रत्येक अंगणात तिची कुंडी असते. येता-जाता पानांवरून हात फिरवायचा आणि हुंगायचा. मैत्रिणीनं डहाळी केसांत खोवली.

सण असूनही आज उपास. मांस, दूध, अंडं काही नाही. यायांकडे जेवलो: उकडलेली चवळी, वर ऑलिव्हचं तेल, लिंबू, कच्चा कांदा. "चवळी उपासाला?" तिनं हळूच मला विचारलं.

निघायची वेळ उद्या पहाटेची, म्हणून यायांनी आजच तिला उभं केलं. पितळी धुपाटण्यात निखारा, त्यावर चर्चमध्ये आशीर्वाद घेतलेली ऑलिव्हची वाळकी पानं. डोक्याभोवती तीनदा धूर फिरवला, ओठांतल्या ओठांत काही म्हणत. मग माझ्याकडे वळल्या. प्रवासाला मी निघणार नव्हते, तरी माझ्याभोवतीही तीनदा. "कोरी मू," म्हणाल्या, माझ्या पोरी. पानं तडतडली, तशी त्यांनी मान डोलावली.

रात्री तिनं माझ्यादेखत आईला फोन लावला. कागद समोर होता, पण तो तिनं वाचला नाही. तापाचं सांगितलं, त्राखानाचं, लाल दोऱ्याचं. आई बराच वेळ बोलली नाही. मग धुराचं सांगितल्यावर मात्र लगेच विचारलं, "पानं तडतडली का?"

"तडतडली, काकू. दोघींचीही."

"मग दृष्ट होती," आई म्हणाली. "त्यांना माझा नमस्कार सांग. आणि मेतकूट अर्धं त्यांना दे."