एसीच्या पाण्यावरचं वेखंड

ठाण्यातल्या बहुतेक जुन्या सोसायट्यांच्या मागच्या अंगाला एक कधीच न वाळणारी पट्टी असते. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला इमारत, ऊन जवळजवळ नाहीच आणि वरून एसीच्या नळ्या ठिबकताहेत. वार्षिक सभेत तिचा विषय निघतो तेव्हा उपाय ठरलेला: कोबा करून टाका. हौशी कमिटी असेल तर पेव्हर ब्लॉक.

मला हे पटत नाही. कोबा केला म्हणून पाणी यायचं थोडंच थांबतं? ते इमारतीच्या पायाकडे दुसरी वाट शोधतं. कोकणात न्हाणीचं पाणी परसात सोडायचे आणि त्यावर अळू, केळ, कर्दळ पोसायचे. शहरात आलो आणि ओल दिसली की आपला हात सिमेंटच्या गोणीकडे जायला लागला.

आमच्या मागच्या पट्टीत एकदा लॉनही लावून झालं होतं. लॉनला ऊन लागतं, हे लॉन विकणारा सांगत नाही. सावलीत ते विरळ झालं, पिवळं पडलं आणि त्याच्या जागी नागरमोथा आला, तोही फुकट.

मग मी तिथे बुटकं वेखंड लावलं. नर्सरीत ते ‘अकोरस’ म्हणून मिळतं, पातं हिरवं-पिवळं पट्ट्यापट्ट्यांचं, उंची जेमतेम फूटभर. बाळाला उगाळून देतात ते वेखंड याचं थोरलं भावंड; ते कमरेपर्यंत वाढतं. दोघांत फरक ओळखायचा तर पात्यावर बोट फिरवावं. थोरल्याच्या पात्याला मधोमध उठून आलेली शीर लागते, धाकट्याचं पातं सपाट. चुरगळलं की वास मात्र दोघांनाही येतो, आणि तो वास आला की मराठी माणसाला तान्ह्या बाळाची खोली आठवते. (खाण्यापिण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला अमेरिकेत १९६८ पासून बंदी आहे. आमच्या शेजारच्या आजींना हे सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विषय काढला नाही.)

दिसायला गवत, पण हे गवत नव्हे. याचा फुलोरा अळूच्या दांड्यासारखा असतो, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला बरीच वर्षं अळूच्या कुळात बसवलं होतं. १९९० च्या दशकात जनुकं तपासली तेव्हा अळूशी जवळचं नातं निघालंच नाही. गवत, भात, ऊस, केळ, नारळ, कांदा, अळू या सगळ्या एकदल वनस्पतींच्या वंशातून सर्वांत आधी वेगळी निघालेली शाखा ती वेखंडाची. एवढं जुनं घराणं आमच्या ड्रेनेजच्या झाकणाशेजारी नांदतंय याचं मला अप्रूप वाटतं. कमिटीला वाटत नाही.

हे ओल्या मातीत खूश असतं, पण माती एकदा कोरडी पडली की पात्यांची टोकं करपतात. ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा चार महिन्यांत. म्हणजे ओल्या जागेतल्या झाडाची खरी परीक्षा जुलैत नाही, मे महिन्यात. आणि इथेच एसी कामाला येतो. आपल्या दमट हवेत तो तासाला लिटरभर पाणी सहज गाळतो, तेही जवळजवळ क्षाररहित. बाहेर जितकं उकडेल तितका एसी जास्त चालणार, म्हणजे मातीला पाणी नेमकं हवं तेव्हा जास्त. इतकी शिस्तशीर पाणीपाळी माळ्यालाही जमायची नाही.

वीतवीत अंतरावर रोपं लावली तर ती मुळकांडानं सावकाश पसरत एकमेकांना भेटतात. सावकाश म्हणजे खरोखर सावकाश. पहिलं वर्ष मधल्या मातीतला नागरमोथा गड्ड्यासकट उपटत बसायचं. आमचे माळीकाका अजून म्हणतात, “ताई, त्यापेक्षा कोबा बरा होता.” डासांचं म्हणाल तर त्यांच्या अळ्यांना साचलेलं उघडं पाणी लागतं, नुसत्या ओलसर मातीत त्यांचं भागत नाही. त्यासाठी गच्चीवरची टाकी आणि बाल्कनीतल्या ताटल्या बघा, हे मी सभेत दोनदा बोलले. इतिवृत्तात एकदाच आलं.

सध्या काळजी वेगळीच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एसीचं पाणी बादलीत धरून त्यानं लादी पुसायला सुरुवात केलीय आणि त्यांचं बघून पाचव्या मजल्यावरही बादली आलीय. पाणी वाचवणाऱ्याला नको कसं म्हणायचं? निदान दोन घरांचं पाणी खाली येऊ द्या, असं मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय. निळ्या टिका सगळ्यांच्या दिसतात, उत्तर अजून एकाचंही नाही.