जॉर्जियाचं पान: पाच रविवारांची नोंद

आम्ही पाचजण रविवारी बसून मराठी विकिपीडियावर लिहितो. मागच्या नोंदीत लिहिलं होतं, गावांची पानं पुष्कळ झाली, आता एखादा देश घेऊ. जॉर्जिया घेतला. पाच रविवार गेले आणि मराठी विकिपीडियावरच्या लेखात भर पडली जेमतेम चाळीस ओळींची. लेखात काय असावं यावर वाद होतात ते चर्चा पान मात्र लेखाच्या दुप्पट झालंय.

जॉर्जियाच का, असं दोघातिघांनी विचारलं होतं. दोष सांगलीचा. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तोही अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून. बुद्धिबळाचं वेड असलेल्या या गावात आमच्या सरांना त्या रात्री झोप आली नाही. सकाळी त्यांनी बाटुमी कुठल्या देशात, म्हणून मराठीत शोधलं आणि मला फोन केला, "अरे, हे पान आहे की पंचांगातली टीप?" दुसरं कारण जास्त व्यवहाराचं. आमच्याकडची पोरं एमबीबीएसला तिकडं जातात, आणि पोराला पाठवण्याआधी देश कसा आहे हे मराठीतून वाचू पाहणारे आईवडील आहेत. वाचक कोण, हे एवढं स्पष्ट असलेलं पान क्वचित मिळतं.

मंडळी नेहमीचीच. विश्रामबागला माझ्या घरी बैठक, मध्ये भडंगाची परात. सर, तासगावचे द्राक्षबागायतदार आबा, जतचा मित्र आणि मिरजेची ताई. ताई आमच्यात सगळ्यात लहान, पण तिच्या संपादनांची संख्या आम्हा चौघांच्या बेरजेपेक्षा जास्त, म्हणून ताई.

पहिला रविवार दुव्यांत गेला. 'जॉर्जिया' लिहिलं की अर्धे दुवे अमेरिकेतल्या राज्याचे निघतात. १९९६चं अटलांटा ऑलिंपिक आपल्या कॉकेशस पर्वतातल्या जॉर्जियात भरवण्याचा पराक्रम आपल्याच कुणीतरी केला होता. (जुना इतिहास उघडला तर तो मीच होतो. असो.) एकेक दुवा हातानं सरळ केला. कंटाळवाणं काम, त्यावर आणखी लिहीत नाही.

दुसऱ्या रविवारी राजधानीच्या नावावर गाडी अडली. त्बिलिसी, तिबिलिसी की तिब्लिसी? आबांचं मत, "त्बि म्हणायला जीभ कुठनं आणायची? तिबिलिसी करा." ताईनं जॉर्जियन लिपीचा तक्ता काढला. अक्षरं ३३, त्यांत लहान-मोठी असा भेद नाही, आपल्यासारखंच. आणि तिनं दाखवलं की नावातलं पहिलं अक्षर आपल्या त पेक्षा थ ला जवळचं आहे. म्हणजे काटेकोर व्हायचं तर थ्बिलिसी! त्यावर सर म्हणाले, "मग १९३६ पर्यंतचं टिफ्लिसच बरं होतं." शेवटी शीर्षक त्बिलिसी ठेवलं आणि बाकीच्या रूपांवरून पुनर्निर्देशनं दिली. शोधणारा कुठूनही आला तरी पोचतो.

पण जुनी राजधानी त्याहून अवघड निघाली, आणि मला तोच भाग आवडला. तिच्या नावात म नंतर जो उच्चार आहे तो आपल्या 'चांगला', 'चमचा' मधल्या च च्या जवळचा. 'चहा'तला नव्हे. हिंदीवाल्याला हा फरक समजावून सांगावा लागतो, आपल्याला तो आईच्या दुधातून मिळतो. फक्त लिहिताना दोन्हींना एकच च! 'म्चखेता' लिहिलं तर मराठी माणूस कुठला च वाचेल याची खात्री नाही, म्हणून 'म्त्सखेता' केलं. दिसायला भयंकर, पण वाचायला जवळचं. कुणाकडे याहून चांगला तोडगा असेल तर चर्चा पानावर टाका, मी खरंच वाट बघतोय.

तिसऱ्या रविवारी माहितीचौकट, म्हणजे लेखाच्या कडेची आकड्यांची पेटी. इथं आम्ही पकडले गेलो असतो. क्षेत्रफळ ६९,७०० चौरस किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही कमी. लोकसंख्या २०१४च्या जनगणनेची, सुमारे ३७ लाख १४ हजार. भागाकार करून मी घनता ५३ टाकली आणि चहा ठेवायला उठलो. जतचा मित्र तोवर तळटीप वाचत बसला होता. जनगणना अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया या सरकारच्या ताब्यात नसलेल्या प्रदेशांत झालेलीच नाही; क्षेत्रफळात मात्र दोन्ही धरलेत. पहिल्याचे सुमारे ८,६६० आणि दुसऱ्याचे सुमारे ३,९०० चौरस किमी वजा केले की घनता ६५ वर जाते. अंश एका देशाचा, छेद दुसऱ्याचाच! आकडा काढून टाकला, चौकट सध्या तिथं रिकामी आहे. २०२४ मध्ये नवी जनगणना झाली, तिचे आकडे लावण्याचं काम ताईकडे.

सरांकडे मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभं राहिलेलं ते काम, पहिला खंड १९७६चा. ते खंड उघडताना आमच्या घरातही आवाज खाली येतो. पण त्या काळी जॉर्जिया हा देश नव्हता, सोव्हिएत संघाचं एक घटक गणराज्य होतं; स्वातंत्र्याची घोषणा ९ एप्रिल १९९१ची. म्हणून ठरवलं, तेव्हाच्या कुठल्याही संदर्भग्रंथातून डोंगर-नद्या घ्यायच्या, राज्यव्यवस्था घ्यायची नाही. वाक्यं तर उचलायचीच नाहीत.

चौथा रविवार एका वाक्यात गेला. अक्षरशः. आधीचा मजकूर होता, "अबखाझिया व दक्षिण ओसेशिया हे जॉर्जियाचे प्रांत आहेत." कुणीतरी खातं न उघडता, नुसत्या अंकपत्त्यावरून (आयपी) येऊन 'प्रांत' खोडून 'स्वतंत्र देश' केलं होतं. मी रागानं 'रशियानं बळकावलेले' लिहून मोकळा झालो. तेव्हा जतवाला म्हणाला, "भावा, आमच्या तालुक्यातल्या गावांवर २०२२ साली कर्नाटकानं हक्क सांगितला तेव्हा पेपरात काय छापलं होतं? दावा. ताबा नाही. हे दोन शब्द वेगळे आहेत, आपण दोन्ही लिहू." सीमाभागातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तीन मसुदे धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, झाले. राहिला तो असा: जॉर्जिया हे दोन्ही प्रदेश आपले मानतो, त्यांवर प्रत्यक्षात त्याच्या सरकारचा ताबा नाही, ऑगस्ट २००८च्या युद्धानंतर रशियानं त्यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली, भारतासह संयुक्त राष्ट्रांच्या बहुतेक सदस्यांनी ती दिलेली नाही. चार तुकडे, प्रत्येकाला वेगळा संदर्भ. माझा 'बळकावलेले' गेला. वाईट वाटलं, पण ते माझं मत होतं.

पाचव्या रविवारी मात्र भांडण झालं, आणि ते बाहेरच्यांशी नव्हतं. प्रत्येकानं आपलं लाडकं लेकरू आणलं होतं. सरांना बुद्धिबळाचा स्वतंत्र विभाग हवा. नोना गाप्रिंदाश्विली १९६२ पासून १९७८ पर्यंत जगज्जेती, तिच्याकडून किताब घेतला तो जॉर्जियाच्याच माया चिबुर्दानिद्झेनं, आणि तिनं तो १९९१ पर्यंत ठेवला. आबांना क्वेव्ह्री हवी. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा मोठा रांजण, त्यात द्राक्षाचा रस साली-बियांसकट आंबवायचा. २०१३ मध्ये युनेस्कोनं या पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तासगावात द्राक्षाचा बेदाणा होतो, तिकडं वाईन. आबांनी मोबाइलवर रकाट्सिटेली आणि सापेरावी या वाणांचे घड मोठे करून सगळ्यांना दाखवले, छाटणी कशी केली असेल यावर दहा मिनिटं बोलले.

आणि मला केतेवान. पूर्व जॉर्जियातल्या काखेतीची राणी, धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये इराणातल्या शिराझला छळ करून मारली. तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्यात आणले. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये उत्खननात हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं डीएनए तपासला, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्या अवशेषांचा एक भाग त्बिलिसीला नेऊन सुपूर्द केला. मी यावर दोन परिच्छेद लिहून आणले होते. मोठ्यानं वाचूनही दाखवले.

ताई शांतपणे म्हणाली, "दादा, राणी तामारला किती ओळी आहेत?" एक होती. जिच्या काळात, ११८४ ते १२१३, जॉर्जियाचं राज्य सर्वांत बलाढ्य होतं तिला एक ओळ, आणि गोव्याशी नातं निघालं म्हणून केतेवानला दोन परिच्छेद. "आणि सर, स्टालिन गोरीचा, हे अजून लेखात नाही. पण बुद्धिबळाचा विभाग आहे."

सर गप्प. आबा भडंगातले शेंगदाणे वेचत बसले. मी थोडा वेळ वाद घातला, की मराठी वाचकाला धागा मिळाला तर तो पुढं वाचेल. तो मुद्दा मला अजूनही पटतो. पण धागा एका ओळीतही देता येतो. केतेवानला इतिहासात एक वाक्य आणि स्वतःचं वेगळं पान, बुद्धिबळाला क्रीडा विभागात तीन ओळी, क्वेव्ह्रीला दोन. तामारला एक पूर्ण परिच्छेद मीच लिहिला, शिक्षा म्हणून.

आजची स्थिती: लाल दुवे (ज्यांची पानं अजून नाहीत ते) १९, त्यांतले सहा आबा धूळपाटीवर निळे करतायत, सगळे द्राक्षांचे. केतेवानचं पान मी काल रात्री जतन केलं. आणि आज सकाळी कुणीतरी त्बिलिसी सगळीकडं तिबिलिसी करून गेलंय. संपादन सारांशात फक्त "म्हणायला सोपं" एवढंच. आबांना फोन लावला, ते म्हणतात मी नाही.