अंग चोरणारी मुलं आणि खांद्याला खांदा

आमच्या बारा वर्षांखालच्या फुटबॉल टीमचा खेळ दिसायला देखणा होता. पासिंग नेटकं, बॉलवर ताबाही चांगला. पण बॉल दोघांच्या मध्ये मोकळा पडला, की अर्धं पाऊल मागे घेणारा हमखास आमचा. बाहेरून पालक ओरडायचे, ‘अरे, घुस ना!’ घुसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या पोराला कुणी दाखवलेलंच नसायचं. ओरडून धीट झालेलं पोर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

मुलांना एकेकटं गाठून विचारलं. लागेल म्हणून घाबरणारी थोडीच निघाली. बाकीच्यांना धास्ती होती फाउलची. अंगाला अंग लागलं की शिट्टी वाजणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. मग फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा, म्हणजे फाउलचा नियम घेऊन बसलो. बॉल खेळण्याच्या अंतरात असेल, तर हात-कोपर न वापरता खांद्याने खांद्याला भिडता येतं. निष्काळजीपणे भिडलात तर नुसती फ्री किक, समोरच्याला लागेल याची पर्वा न करता भिडलात तर पिवळं कार्ड, अवाजवी जोर लावलात तर लाल. ‘म्हणजे प्रत्येक फाउलला कार्ड नसतं?’ एकाने विचारलं, आणि दोन-तीन चेहरे एकदम सैल झाले.

मैदानावर सुरुवात चालण्यापासून केली. दोघं शेजारी-शेजारी, गुडघे किंचित वाकलेले, कोपर अंगाशी, आणि चालता-चालता एकमेकांवर खांद्याने भार टाकायचा. सुरुवातीला नुसतं खिदळणं. ते ओसरल्यावर पुढे बॉल सोडला, मग वेग वाढवला. जोड्या वयाने न लावता अंगकाठी बघून लावल्या, कारण या वयात एकाच वर्गातली दोन मुलं वीतभर उंचीच्या फरकाची असतात. टॅकलला, म्हणजे समोरच्याच्या पायातला बॉल काढून घेण्याला, एकच गोष्ट घोटून घेतली: टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ, आणि सगळं वजन बॉलच्या मागे. बिचकत घातलेल्या सैल पायालाच जास्त लागतं, हे एकदा अनुभवलं की सांगावं लागत नाही.

त्यानंतर लहान चौकटीत चार विरुद्ध चार. बॉल हिसकावून लगेच केलेला गोल दुप्पट धरायचा. आमची सगळ्यात अबोल डिफेंडर इथेच खुलली. बॉल लांबच्या पायाखाली, पाठीवर प्रतिस्पर्धी, आणि ही बाई हलायला तयार नाही! तोंडातून एक शब्द नाही. धीटपणा म्हणजे आरडाओरडा असं मानणाऱ्यांनी तिला बघावं.

पुढच्या मॅचेसमध्ये आमचे फाउल वाढले. काही पालक नाराज झाले, पण मी मुलांना आवरलं नाही. चूक कुठे झाली ते मात्र लगेच दाखवत गेलो, बहुतेक वेळा हात बाहेर आलेला असायचा. हळूहळू शिट्ट्या कमी झाल्या. आता गाडी अडलीय ती हवेतल्या बॉलवर. तिथे अजून निम्मी टीम डोळे मिटते.