आमची वाटचाल: उरलेल्या लोकरीचा गोल मफलर

साताऱ्यात बसून आम्ही क्रोशाचं काम करतो. बाळाचे मोजे, टोपडी, शाली हे सगळं आधीपासून होतं, पण उद्योगाला स्वतःचं नाव मिळालं ते उरलेल्या लोकरीच्या काऊलमुळे. गिऱ्हाईक त्याला गोल मफलर म्हणतं, म्हणून आमच्या चिठ्ठीवरही तेच छापलेलं असतं.

आधी आम्ही लांब मफलर करत होतो. साताऱ्यात थंडीचा मफलर घेणारा माणूस बहुतेक दुचाकीवरचा. पहाटे दूध घालणारा, मंडईत माल आणणारा, पसरणीचा घाट चढून पाचगणीला कामावर जाणारा. लांब मफलरचं टोक सुटलं की मागे उडतं, आणि चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर गळ्याला फास बसतो. गोल मफलरला टोकच नाही. डोक्यावरून घातला की काम झालं. शिवाय मफलरला अडीचशे ग्रॅमच्या आसपास लोकर लागायची, गोल मफलरला सव्वाशे पुरते. उरलेल्या लोकरीचं गणित इथेच जुळलं, कारण एका रंगाची अडीचशे ग्रॅम लोकर कुणाकडे उरत नाही. उरते ती दहा, पंधरा, फार तर चाळीस ग्रॅम.

आज आमचं सगळं काम वजनकाट्यावर चालतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. गुंडा हातात घेऊन “एवढ्यात होईल” असा अंदाज बांधला की तो हमखास चुकतो, कारण सैल गुंडाळलेले दहा ग्रॅमही मूठभर दिसतात. म्हणून आलेल्या प्रत्येक गुंड्याला वजनाची चिठ्ठी लागते आणि मगच तो टोपलीत जातो.

त्याआधी लोकर कशाची आहे हे ठरवावं लागतं. घराघरांतून येणाऱ्या गुंड्यांवरची पट्टी कधीच गेलेली असते. बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघायचा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वासाला येते, ज्योत काढली की विझते आणि तिची राख चिमटीत चुरते. अॅक्रिलिक वितळतं, थेंब पडतो आणि गार झाल्यावर काळा कडक मणी उरतो. तो गरम असताना बोट लावू नये. सुती धागा कागदासारखा जळतो, राख करडी आणि मऊ. तिन्हींच्या टोपल्या वेगळ्या. आमच्याकडे येणाऱ्या मालात बहुतेक अॅक्रिलिकच असतं, कारण घरी विणणाऱ्या बायका वर्षानुवर्षं तेच घेत आल्या.

टोपल्या वेगळ्या ठेवण्यामागे कारण आहे. सुरुवातीच्या एका खेपेला लोकर आणि अॅक्रिलिक एकाच मफलरात गेलं. कोरं असताना सुंदर दिसत होतं. गरम पाण्यात धुतल्यावर लोकरीचे गोल (विणीच्या गोल ओळी) आटले, अॅक्रिलिकचे होते तेवढेच राहिले आणि सगळा मफलर झालरीसारखा उभा राहिला. त्यावर उपाय नाही, तो उसवताही येत नाही, कारण आटलेली लोकर एकमेकींत गुंतून नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी होते. तेव्हापासून लोकर लोकरीत आणि अॅक्रिलिक अॅक्रिलिकमध्ये. सुती धागा गळ्यासाठी आम्ही वापरतच नाही. तो ओला झाला की जड होतो आणि लोंबतो.

माण तालुक्यातून कधी कधी हाताने कातलेली घोंगडीची लोकर येते. दख्खनी मेंढीची ही लोकर पाठीवर घ्यायच्या घोंगडीला तिच्या जागी उत्तम आहे, तिला चिंचोक्याची खळ दिली की ती पावसातही टिकाव धरते. पण गळ्याची कातडी नाजूक. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड केस कातडीत रुततो आणि टोचतो, मेरिनो मेंढीचा केस 20च्या आसपास असतो म्हणून तो टोचत नाही. दख्खनी लोकर आम्ही मफलरला घेत नाही, बसायच्या आसनांना वापरतो.

जुने स्वेटरही येतात. ते घेण्याआधी काखेतली शिवण उलटून बघा. शिवणीला ओव्हरलॉक (कापलेल्या कडेवरची मशीनची शिलाई) मारलेलं असेल तर कापड कापून शिवलंय, म्हणजे उसवल्यावर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येणार. असा स्वेटर परत देतो. हाताने विणलेला असेल तर धागा सलग निघतो, मात्र उसवायला टाके बंद केलेल्या टोकाकडून घ्यायचं. सुरुवातीच्या कडेने घेतलं तर जागोजागी अडकतं. निघालेली लोकर कुरळी असते. ती तशीच विणली तर मोजणीत टाके बरोबर येतात, पण माप धुतल्यावर बदलतं. म्हणून खुर्चीच्या पाठीवर लड घालायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची आणि सावलीत टांगताना खाली एखादा हँगर अडकवायचा. तेवढं वजन कुरळेपणा काढायला पुरतं. जास्त वजन लावलं तर धाग्याचा फुगीरपणा जातो, आणि ऊब त्या फुगीरपणातच असते.

आता मापं. मफलरचा घेर 60 सेंटिमीटर, उंची 25 ते 26. मोठ्या माणसाचं डोकं 55 ते 58 भरतं, त्यामुळे 60 आरामात उतरतो आणि गळ्याशी सैलही पडत नाही. चार पदरी अॅक्रिलिकचे दोन धागे एकत्र धरून 6 मिलिमीटरच्या सुईने अर्धा खांब (क्रोशाचा एक टाका, कृती खाली दिली आहे) घातला की आमच्या हाताने 10 सेंटिमीटरमध्ये 12 टाके आणि 9 ओळी बसतात. म्हणजे घेराला 72 टाके. तुमचा हात घट्ट असेल तर 13 किंवा 14 बसतील, मग 72 टाक्यांचा मफलर 51-55 सेंटिमीटरचा होईल आणि कानाशी अडकेल. म्हणून दहा सेंटिमीटरचा नमुना आधी विणा. टाके जास्त बसले तर सुई अर्ध्या नंबरने मोठी घ्या, टाके वाढवून जमवू नका. घट्ट विणीत हवा राहत नाही आणि मफलर पुठ्ठ्यासारखा उभा राहतो.

पूर्ण खांब का नाही, असं शिकायला आलेल्या मुली विचारतात. पूर्ण खांबात फटी राहतात आणि गाडीवर त्यातून वारा सरळ आत येतो. मुका खांब दाट बसतो पण वळत नाही. अर्धा खांब दोन्हींच्या मधला: सुईवर एक वेढा घ्यायचा, सुई टाक्यात घालून धागा ओढायचा, तीन कड्या झाल्या की धागा तिन्हींतून एकदम बाहेर.

सुरुवातीची साखळी मात्र 7च्या सुईने घाला. ही चूक सगळ्यात जास्त होते: साखळी नेहमीच्या सुईने घट्ट होते, वरचे गोल सैल येतात आणि खालची कड आवळून मफलर डोक्यातून जात नाही. 73 साखळ्या घालून सुई 6ची घ्या आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब घाला. ओळीत 72 खांब झाले पाहिजेत. ही पहिली ओळ सपाटच विणायची, गोल नंतर जोडायचा. साखळी आधीच जोडली तर तिच्यात पीळ राहतो आणि तो चार-पाच गोल झाल्यावर दिसतो, तेव्हा उसवण्याशिवाय मार्ग नसतो. ओळ विणून झाली की पीळ डोळ्यांना दिसतो, मग स्लिप स्टिचने (सुई टाक्यात घालून ओढलेला धागा सरळ सुईवरच्या कडीतूनही काढायचा) जोडा. खाली राहिलेली छोटी फट सुरुवातीच्या शेपटाने, म्हणजे धाग्याच्या सुट्या टोकाने, शिवून टाका.

प्रत्येक गोल संपला की स्लिप स्टिच, एक साखळी आणि काम उलटं फिरवायचं. न फिरवता विणत गेलं तर जोडाची रेघ तिरकी सरकते आणि मफलर पिळल्यासारखा दिसतो. जोडाची स्लिप स्टिच टाका म्हणून धरू नका. ती धरली की 73 होतात, पहिला टाका सुटला की 71, आणि दहा गोलांनी मफलरचा नरसाळ्यासारखा आकार होतो. पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवा, दर दोन गोलांनी मोजा.

रंगांचं आमचं जे तंत्र आहे ते दोन धाग्यांवरच उभं आहे. सुरुवातीला आम्ही दोन्ही धागे एकदम बदलत होतो. लाल संपला की हिरवा, हिरव्यानंतर पिवळा. पट्टे पडायचे आणि बघणारा लगेच ओळखायचा की उरलंसुरलं जोडलंय. आता एक धागा तळापासून वरपर्यंत तोच राहतो, त्याला आम्ही आधाराचा धागा म्हणतो: राखाडी, मोतिया किंवा गडद निळा. बदलतो तो फक्त दुसरा. राखाडीबरोबर आधी मरून, मग विटकरी, मग केशरी असं गेलं की रंग एकमेकांत विरघळत वर चढतात. जोडही एका जागी न येता वेगवेगळ्या ठिकाणी येतात.

यातलं वजनाचं गणित सोपं आहे. एका धाग्याला एक गोल पावणेतीन ग्रॅम खातो. म्हणजे 12 ग्रॅमच्या गुंड्यात चार गोल निघतात आणि शेपटाला थोडं उरतं. 20 गोल दोन्ही धाग्यांनी घालायचे, त्यावर शेवटचे चार गोल फक्त आधाराच्या धाग्याने, सुई 6चीच. वरची कड अशी पातळ आणि सैल ठेवायचं कारण हेल्मेट. हनुवटीखाली जाड गठ्ठा आला तर पट्टा सैल बांधला जातो, आणि सैल पट्ट्याचं हेल्मेट पडल्यावर डोक्यावर राहत नाही. या हिशेबाने आधाराचा धागा 65 ते 70 ग्रॅम आणि बदलते गुंडे मिळून 55 ते 60 ग्रॅम. आधाराएवढी लोकर उरलेल्यात मिळाली नाही तर ती आम्ही नवीन आणतो आणि चिठ्ठीवर तसं लिहितो. “पूर्ण उरलेल्या लोकरीचा” असं सरसकट छापणं आम्हाला पटत नाही.

धागा जोडताना गाठ मारू नका. अॅक्रिलिक गुळगुळीत असतं, गाठ हळूहळू सुटते, आणि टिकली तर गळ्याला खडा टोचावा तशी टोचते. जुन्या-नव्या दोन्ही धाग्यांची 15 सेंटिमीटरची शेपटं सोडा, नंतर बोथट सुईने एकदा डावीकडे, परत उजवीकडे आणि शेवटी वर अशी तीन दिशांनी ओवा. एकाच दिशेने ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं.

विणून झाल्यावर इस्त्री फिरवायचा मोह होतो. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकली की त्याचा ताण मरतो, कापड लोळागोळा होतं आणि परत कधी फुगत नाही. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवा पसरून वाळवा. दोरीवर टाकलेला ओला मफलर स्वतःच्या वजनाने लांबतो. गडद रंग शुभ्राशेजारी येणार असेल तर विणण्याआधीच धागा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून बघतो.

“काकू, उरलेली लोकर ना, मग एवढे पैसे कसले?” हे ऐकावं लागतं. एका मफलरला विणायला तीन तास जातात. त्याआधी लोकर पारखणं, धुणं, गुंडाळणं यात तासभर, आणि पाच-सहा रंगांची शेपटं ओवायला अर्धा-पाऊण तास. नवीन लोकरीचा एकरंगी मफलर करणं आम्हाला वेळेच्या हिशेबाने स्वस्त पडतं. ही गोष्ट गिऱ्हाईकाला शेपटांची उलटी बाजू दाखवून सांगितली की पटते.

वर्षाचं चक्र पावसावर बांधलेलं आहे. धुणं आणि लडी वाळवणं मार्च ते मे, कारण जूननंतर लोकर धड वाळत नाही आणि कुबट वास धरते. पावसाळ्यात निवड आणि विणकाम, दिवाळीपर्यंत माल तयार, आणि महाबळेश्वर-पाचगणीची गर्दी डिसेंबरात सुरू झाली की विक्री. खऱ्या लोकरीला कसर लागते, अॅक्रिलिकला लागत नाही. म्हणून बाहेरून आलेली लोकर आम्ही घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवतो, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडत नाही, नाहीतर धाग्यावर दव धरतं. मगच ती काट्यावर येते.