चिंता नव्हे, प्रश्न

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीची क्षमता वाढवायची होती, त्याची ती जनसुनावणी. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे. म्हणजे चार तासांची आरडाओरड दोन फुलस्केप कागदांत बसवायची. अशा सात-आठ सुनावण्या करून माझी वाक्यं पाठ झाली होती : 'ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली. प्रकल्प प्रवर्तकांनी योग्य त्या उपाययोजनेचे आश्वासन दिले.' गावाचं नाव बदललं की काम झालं.

मांडव वजनकाट्यापलीकडच्या मोकळ्या जागेत घातला होता. पुढच्या चार रांगांत ट्रॅक्टरने आणलेली माणसं, मागे बांबूंना टेकून विरोधक. सल्लागाराने स्लाइड दाखवल्या. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतो, तो आटवून बॉयलरमध्ये जाळणार, थेंबही बाहेर जाणार नाही. 'थेंब?' मागून कुणीतरी ओरडलं आणि पेटलं. एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या ऊसदराची, थकबाकी निघाली, नोकरीला लावलेले पाहुणे निघाले, कुणी माइकची वायर उपटली. अध्यक्षस्थानी अपर जिल्हाधिकारी होते. ते शांतपणे म्हणाले, "रात्र झाली तरी बसू. पण एका वेळी एकच बोलेल, आणि आधी नाव-गाव." २००६च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीला गणपूर्ती लागत नाही, पण आलेल्या प्रत्येकाला संधी द्यावीच लागते. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी सुनावणी घाईघाईत उरकतात.

कंत्राटावर काम करणारा एक पोरगा बोलला. इथेनॉलचे पैसे आले तर उसाचं बिल वेळेवर निघेल, आमचा पगारही. मुद्दा बिनतोड होता. मागून शिट्ट्या आल्या, तेव्हा त्यांना गप्प करणारे निघाले तात्याच, सत्तरीचे, विरोधकांतलेच. "बोलू द्या की त्याला. पोट हाय त्याला."

मग स्वतः माइक घेतला. पुतण्याला घेऊन जिल्हा परिषदेत बसून त्यांनी प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा तो जाडजूड इंग्रजी अहवाल वाचून घेतला होता. हातात शाळेच्या वहीचं पान.

"अहवालात माझ्या विहिरीचा नमुना मे महिन्याचा दाखवलाय. त्या महिन्यात मी त्याच विहिरीत उतरून गाळ काढत होतो. मग पाणी कुठलं, साहेब?"

मांडवात कुणी हसलं नाही. सल्लागार पानं उलटत राहिला. "शेजारच्या बोअरचा असावा."

"मग बोअर लिहा. बोअर लई खालचं पाणी ओढतंय. रानात मुरलेलं घाण पाणी आधी विहिरीत उतरतं, अन् तेही पाऊस लागल्यावर. पावसाळ्यातला नमुना कुठाय?"

"नियमाप्रमाणे पावसाळा सोडून एकाच हंगामाची माहिती घ्यायची असते," सल्लागार म्हणाला. तेही खरंच होतं. नियम तसाच आहे. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि कारखान्याच्या लोकांना विचारलं, "नियम तेवढाच सांगतो. जास्तीचा नमुना घ्यायला तुम्हाला अडचण काय?" मघाशी बोललेला तो कंत्राटी पोरगाही त्यांच्याकडे बघत होता. त्याचंही रान ओढ्याकाठीच, हे मला नंतर चहाच्या वेळी कळलं.

संध्याकाळी इतिवृत्त सर्वांसमोर मराठीत वाचून दाखवायचं असतं. त्याच दिवशी अध्यक्षांची सही होते. मी सवयीने वाचत गेलो. "ग्रामस्थांनी विहिरींच्या पाण्याबाबत चिंता व्यक्त केली..."

"भाऊसाहेब, थांबा जरा." तात्या उठले. "चिंता मी घरी करतो. इथं मी प्रश्न विचारला. त्यो लिहा. आन् उत्तर आलं नाही, तेबी लिहा."

माझे कान तापले. कॅमेरा चालू होता. अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा."

मी ते वाक्य खोडलं आणि समासात नव्याने लिहिलं : नमुन्याची तारीख, विहीर त्या महिन्यात कोरडी असल्याचा आक्षेप, बोअरबाबतचं उत्तर, पावसाळ्यातल्या नमुन्याची मागणी, त्यावर प्रवर्तकांनी त्या दिवशी स्पष्ट उत्तर दिलं नाही. खाडाखोडीवर अध्यक्षांनी आद्याक्षरी केली. कंत्राटी पोराचा पगाराचा मुद्दाही मी 'काही ग्रामस्थांनी पाठिंबा दिला' एवढ्यावर उरकला होता. तो कुणी न सांगता काढून सविस्तर लिहिला.

पुन्हा वाचून दाखवलं, तोवर जनरेटर लावावा लागला होता. तात्या कानाशी हात धरून ऐकत होते.

"विहिरीचा गट नंबर राहिला," ते म्हणाले.